पेटीतली हाली नोट : मोडू नका, फसू नका, जपून ठेवा



पावसाळा सरून दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरे सारवली जातात आणि माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. जुनी कपडे-भांडी उन्हात पडतात. अशा वेळी एखाद्या पेटीच्या तळाशी, जमिनीच्या जुन्या कागदांत घडी घातलेली एक अनोळखी नोट हाती लागते. तिच्यावर गांधीजी नाहीत की सारनाथचे सिंह नाहीत. अक्षरे बहुतेक उर्दू. पण नीट पाहिले तर मराठीतही रक्कम लिहिलेली दिसते. राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांत असे अधूनमधून घडते. सिरोंच्याच्या अंगालाही घडते.

नोट सापडली की घरात तीन मते पडतात. म्हातारी म्हणते, राहू दे, तुझ्या आज्याची आहे. पोरगा म्हणतो, मोबाईलवर टाकू, लाख रुपये येतील. आणि घरधनी म्हणतो, बँकेत विचारून बघू. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हे सांगण्यासाठी हा लेख. नोकरीच्या निमित्ताने या दोन जिल्ह्यांत बरीच वर्षे हिंडलो, बियाणे आणि फवारणीच्या गोष्टी सांगता सांगता अशा नोटा पाहण्यात आल्या आणि त्यांचा अभ्यासही घडत गेला. तो आपल्यापुढे मांडतो.

नदीच्या अल्याड कलदार, पल्याड हाली

आज बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्याला जाताना आपण एकाच जिल्ह्यात असतो. पण १९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडचा चांदा जिल्हा इंग्रजांच्या मध्य प्रांतात, तर पलीकडचा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. दक्षिणेकडे सिरोंच्याचीही तीच कथा. सिरोंचा इंग्रजी मुलखात, पण प्राणहिता आणि गोदावरीच्या पैलतीरावर निजामाचा अंमल.

राज्ये दोन, म्हणून पैसेही दोन. इंग्रजी रुपयाला आपले लोक ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. निजामाच्या रुपयाला म्हणत ‘हाली सिक्का’, किंवा नुसते ‘हाली’. पुढे सातवा निजाम उस्मान अली खान याच्या नावावरून सरकारी कागदांत त्याला ‘उस्मानिया सिक्का’ असे नाव मिळाले. हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. आजही काही घरांत म्हातारी माणसे जुन्या व्यवहाराची गोष्ट सांगताना ‘इतके हाली’ किंवा ‘इतके कलदार’ असेच बोलतात.

सात हाली म्हणजे सहा कलदार

या दोन रुपयांची किंमत सारखी नव्हती. शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा सरकारी हिशोबातला नेहमीचा दर. आकडा अवघड वाटतो, पण गणित सोपे आहे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. त्या हिशोबाने १० आणे ८ पै म्हणजे रुपयाचे दोन तृतीयांश. सात हाली दिले की सहा कलदार मिळत, असा याचा अर्थ.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम काय, ते पाहा. समजा, राजुऱ्याकडच्या एखाद्याने कापूस विकला आणि हातात ७० रुपये हाली आले. तेच पैसे घेऊन तो नदी ओलांडून बैल घ्यायला चांद्याकडे आला, तर त्याच्या खिशात कलदाराचे साठच रुपये. वर सराफाचा बट्टा वेगळा. उलट, कोणी साठ रुपये कर्ज घेतले आणि कागदावर फक्त ‘रुपये साठ’ लिहिले, तर फेडताना वाद ठरलेला. साठ कलदार मागितले तर ७० हाली मोजावे लागत. लिहिणाऱ्याने एक शब्द गाळला की शेतकऱ्याच्या अंगावर दहा रुपये चढत, आणि त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती.

म्हणूनच जाणते लोक खरेदीखतात, गहाणखतात रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ असे लिहवून घेत. आपल्या पेटीत त्या काळचा कागद असेल तर हा शब्द शोधून पाहा. जुन्या व्यवहाराचा खरा अर्थ त्यावरूनच लागतो.

निजामाने नोटा का काढल्या?

चांदीचा रुपया होता, मग कागदाची गरज का पडली? याचे उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. संस्थानांनी स्वतःच्या कागदी नोटा काढाव्यात हे इंग्रजांना मान्य नव्हते. हैदराबादने आधी बरीच खटपट केली होती, पण परवानगी मिळाली नव्हती. १९१४ ते १९१८ च्या युद्धात मात्र चांदीचा तुटवडा पडला. इंग्रजांनी स्वतःच्या मुलखातही ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि त्यानंतर अडीच रुपयांचीही. हैदराबादने युद्धात इंग्रजांना मदत केलेली होती. त्यामुळे १९१८ साली हैदराबादचा चलन कायदा होऊन दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या. १९१९ साली एक आणि पाच रुपयांच्या आल्या, तर हजाराची नोट १९२६ साली.

एक गोष्ट आपल्याला विशेष वाटावी अशी. या नोटा नंतर महाराष्ट्रातच छापल्या जात. नाशिक रोड येथे नोटांचा छापखाना सुरू झाला आणि १९२८ पासून तेथे भारताच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. हैदराबादच्या नोटांची छपाईही पुढे तिथेच आली. म्हणजे नाशिकच्या एकाच छापखान्यातून निघालेल्या दोन नोटा बल्लारपूरच्या घाटावर एकमेकींसमोर यायच्या आणि त्यांच्यात बट्टा लागायचा!

नोट कशी वाचावी

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा होती आणि दरबाराची भाषा उर्दू. म्हणून नोटेवर उर्दूखेरीज या भाषांतही रक्कम लिहिलेली असे. राजुऱ्याच्या बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही कानांवर पडत. दोघांनाही आपापल्या अक्षरांत रक्कम वाचता येई.

नोटेवर साल असेल तर ते पाहून गोंधळू नका. १३२९ किंवा १३३१ असा आकडा दिसला की पुष्कळांना वाटते, नोट सातशे वर्षांची जुनी! तसे नाही. हे फसली साल आहे. फसल म्हणजे पीक. मोगलांच्या काळात शेतसारा पिकाच्या हंगामाला धरून वसूल व्हावा म्हणून हे साल सुरू झाले. म्हणजे ते शेतकऱ्याचेच पंचांग म्हणा ना. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल निघते. १३२९ अधिक ५९० म्हणजे १९१९. राजुरा भागातील जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली साल असते, तिथेही हेच गणित वापरा. वारसाच्या किंवा हद्दीच्या कामात त्याचा फार उपयोग होतो.

तिसरी पाहण्याची जागा सहीची. नोटेवर संस्थानच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असते. काही नोटांवर गुलाम मुहम्मद यांची सही आहे. हे गृहस्थ हैदराबादचे अर्थमंत्री होते आणि १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. अखेरच्या काळातील काही नोटांवर डॉ. जी. एस. मेलकोटे यांची सही आढळते. ते स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते आणि १९५२ च्या निवडणुकीनंतरच्या लोकनियुक्त सरकारातले अर्थमंत्री. नोटेचा मजकूर तसाच, पण सही पाहिली की राज्य कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले ते कळते.

एकाच ओसरीवर चार बदल

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. राजुऱ्यात हा दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. पण राज्य बदलले म्हणून पैसा दुसऱ्या दिवशी बदलत नाही. १९५० पासून भारतीय रुपया तिथल्या व्यवहारात आला, आणि काही वर्षे हाली व कलदार शेजारी शेजारी चालले. मग हाली हळूहळू मागे घेतला गेला.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच मोडले. राजुरा तालुका मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. १९५९ साली राजुरा चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ओसरी तीच, शेत तेच, पण पंधरा वर्षांच्या आत त्या घराचे राज्य बदलले, जिल्हा बदलला आणि पैसाही बदलला.

या उलाढालीत पुष्कळांनी नोटा वेळेवर बदलून घेतल्या, काहींच्या राहून गेल्या. गाव दूर जंगलात, मधे नदी, शिकलेले माणूस घरात नाही, अशी अनेक कारणे. पेटीत राहिलेली नोट ही बहुधा अशीच राहून गेलेली नोट असते. त्या घरच्या कोणाच्या तरी घामाचे पैसे असे कागद होऊन बसले.

आपल्या मराठी मुलखात असे दुसरीकडेही घडले आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलात ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ या बँकेच्या रुपियाच्या नोटा चालत. पुढे १९५९ साली एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने एस्कुदो आले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर तेही गेले. कोकणातल्या घरांत जशा त्या नोटा सापडतात, तशा आपल्याकडे हाली.

पेटीत आणखी काय असू शकते

हालीखेरीज भारताच्या जुन्या नोटाही निघतात. त्यांतल्या काही ओळखून ठेवाव्यात.

अडीच रुपयांची नोट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची. ती थोडाच काळ चालली, म्हणून दुर्मिळ.

इंग्रज राजा सहावा जॉर्ज याचे चित्र असलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने १९३८ पासून काढल्या. त्यांतल्या काहींवर सी. डी. देशमुख यांची सही आहे. चिंतामणराव देशमुख हे रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या गावचे. सनदी नोकरीची पुष्कळ वर्षे त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे आपला चांदा ज्या प्रांतात होता तिथेच काढली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. चित्र इंग्रज राजाचे आणि सही मराठी माणसाची, अशी ही नोट घरात असेल तर मुलांना जरूर दाखवा.

१९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले. ही स्वतंत्र भारताची पहिली नवी नोट. पुढे १९७० च्या दशकात पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टरने नांगरणारा शेतकरी आला. ही ट्रॅक्टरची नोट आपल्या सर्वांच्या ओळखीची, आणि आज सर्वांत जास्त फसवणूक हिच्याच नावाने चालली आहे.

लाखाच्या फोनपासून सावध

जिवतीच्या पहाडावरच्या एका गावातली गोष्ट. एका शेतकऱ्याला फोन आला, की ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल आणि नंबरात ७८६ असेल तर अकरा लाख रुपये देऊ. त्याने नोटेचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आले, नोट पसंत आहे. मग नोंदणी फी मागितली, ती याने भरली. मग कर मागितला, तोही भरला. बियाण्यासाठी राखून ठेवलेले पैसे असे दोन हप्त्यांत गेले. तिसऱ्यांदा विम्याचे पैसे मागितले तेव्हा घरची बाई पुढे झाली. म्हणाली, “ज्याले अकरा लाख द्याचे हायेत, त्यानं आपले हजार त्यातूनच कापून घ्यावं ना!” फोन करणाऱ्याने फोन ठेवला, तो कायमचाच.

त्या माउलीने जे विचारले, ते प्रत्येकाने विचारावे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे, ठग होय. काही ठग रिझर्व्ह बँकेचे नाव आणि शिक्काही वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही, ती त्यासाठी कोणतीही फी अथवा दलाली घेत नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि पोलिस ठाण्यात तक्रार द्या. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

मग जुन्या नोटेला किंमत नसतेच का? असते, पण ती कशावर ठरते ते समजून घ्या. नोट किती दुर्मिळ आहे, किती कोरी आहे, सही आणि मालिका कोणती, यावर संग्राहक किंमत ठरवतात. लाखोंनी छापलेली, हाताळून मऊ पडलेली ट्रॅक्टरची नोट दुर्मिळ नाही. ती बाजारात आजही चालते, पाच रुपयांनाच. हाली नोटेचे बँकेत काहीच मिळत नाही. संग्राहक तिला विचारतात, पण घडी पडून फाटलेल्या साध्या रकमेच्या नोटेला फार मोठी किंमत येईल अशी आशा धरू नका. शंभराची, हजाराची किंवा अगदी कोरी नोट असेल, तर एकाच माणसाच्या शब्दावर न जाता दोन-तीन जाणकारांना दाखवा. गावात फिरून भांड्यांवर नोटा घेणाऱ्याला तर देऊच नका.

कायदा काय म्हणतो

जुन्या हाली नोटा घरात ठेवायला हरकत नाही. पण ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी २०१७ साली कायदा झाला आहे. त्याप्रमाणे कोणालाही अशा एकूण दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी ठेवायच्या असतील तरी पंचवीसपेक्षा जास्त नाहीत. मोडल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, यांपैकी जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. तेव्हा डाळीच्या डब्यात विसरलेल्या नोटा सापडल्या तर मोजून पाहा, आणि “बदलून देतो” म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. दोन हजारांच्या नोटा मे २०२३ मध्ये मागे घ्यायला सुरुवात झाली, पण त्या रद्द केलेल्या नाहीत. त्यांना हा कायदा लागत नाही.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. नांगरताना किंवा विहीर खणताना जमिनीत नाणी अथवा दागिने सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूला हा नियम लागतो. त्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क सांगितलेला आहे, पण लपवून ठेवले तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. तहसील कचेरीत लेखी कळवून पोच घ्यावी.

वाळवी आणि कसरीपासून राखण

बल्लारपूरच्या कारखान्यात आपल्या जंगलातल्या बांबूचा कागद होतो, म्हणून पुष्कळांना वाटते की नोटही बांबूची. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून करतात. म्हणून ती चुकून पाण्यात पडली तरी साध्या कागदासारखी लगेच विरघळत नाही. पण वाळवी, कसर, ओल आणि घडी हे तिचे चार शत्रू आहेत, आणि आपल्या जंगलपट्टीत पहिल्या तिघांना तोटा नाही. जपणुकीसाठी एवढे करा :

१. नोट घडी न घालता सपाट ठेवा. जुनी घडी जबरदस्तीने उलटी मोडू नका.

२. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका. त्याने चकाकी जाते आणि संग्राहक अशी नोट लगेच ओळखतात.

३. फाटली असली तरी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी पट्टी पिवळी पडते आणि कागदही घेऊन जाते. टाचणी, स्टेपल आणि रबरबँडही नको. लॅमिनेशन तर मुळीच नको; ते पुन्हा काढता येत नाही.

४. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नोट चिकटते. नोटांसाठी मिळणारी स्वच्छ, कडक पॉलिएस्टरची पाकिटे चांगली. ती न मिळाल्यास कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून वहीत सपाट ठेवा.

५. पत्र्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. तो भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. धान्याच्या ढोलीत, कडुनिंबाच्या पाल्यात नोट ठेवण्याची पद्धत आहे, पण पाल्याचा डाग कागदावर बसतो. पाला ठेवायचाच तर डब्याबाहेर.

६. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा डबा उघडून पाहा. उन्हात नोट वाळवू नका. सावलीत वारा द्या.

नोटेसोबत गोष्टही लिहून ठेवा

सर्वांत महत्त्वाचे काम अजून राहिले. नोट कोणाची, कोणत्या गावातली, कोणत्या व्यवहारात आली, का बदलली गेली नाही, हे वहीत लिहून ठेवा. नोटेवर काही लिहू नका. १९४८ साली ज्यांना चांगली समज आली होती, अशी माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हालीचे बाजार, बट्ट्याचा हिशोब, नदीवरचे नाके त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांना विचारायला अजून वेळ आहे, पण फार नाही. नोट पेटीत आणखी पन्नास वर्षे टिकेल, ती आठवण तितकी थांबणार नाही.

हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींना द्या. ती मोबाईलवर आजीचे बोलणे नोंदवतील, नोटेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढतील आणि वहीत उतरवतील. त्यांना संग्रहाची गोडी लागली, तर पैसे खर्च न करता चालू नोटांपासून सुरुवात करता येते. हातातल्या शंभराच्या नोटेच्या मागे पंधरा भाषांची ओळ आहे. वरून आठवी मराठी. गव्हर्नरांच्या वेगवेगळ्या सह्या पाहता येतात. मागच्या बाजूला छपाईचे साल असते, आणि एखाद्या नोटेच्या क्रमांकात तारा दिसतो. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली ती नोट असते. शिवाय सहलीचा योग आला, तर मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००४ साली उभारलेले चलन संग्रहालय आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तर जवळच आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

तर पेटीतल्या नोटेबद्दल त्या तिघांपैकी कोणाचे ऐकावे? म्हातारीचे ऐका, आणि पोराच्या हाती वही-पेन द्या. विकायची वेळ आलीच, तर घाई न करता, चार ठिकाणी दाखवून, एक पैसाही आधी न भरता विका. तोवर ती सपाट, कोरडी ठेवा. या दिवाळीत पेट्या उतरवाल तेव्हा जमिनीचे जुने कागदही नोटेबरोबर उलगडून पाहा. फसली सालात ५९० मिळवा आणि ‘हाली’ हा शब्द शोधा. काही समजले नाही तर तलाठ्याला, शाळेतल्या गुरुजींना किंवा गावात येणाऱ्या कृषी सहायकाला जरूर दाखवा.